माग बंद ठेवला ती रात्र

शाळेतल्या तपासणीचा कागद.
सिस्टरबाईंनी लिहिलेलं: वजन अठ्ठावीस, रक्त कमी,
झोप – आणि झोपेपुढे नुसतं प्रश्नचिन्ह.
स्रवंतीनं तो चार दिवस दप्तरात दडवला.
पाचव्या दिवशी, नळाला पाणी आलं त्या पहाटे,
घागरींच्या गडबडीत माझ्या हातात कोंबला
आणि पाइप धरायला पळाली.

अकरा संपून बारावं लागलंय तिला.
वर्गात सगळ्यांत उंच, म्हणून वाकून चालते.
आत्ताआत्तापर्यंत कांड्यांच्या टोपल्यात बसून
मला घोडा करायची.
आता विचारलं तर म्हणते, काही नाही.
नाही विचारलं तरी म्हणते, काही नाही.

खाली माग, वर पोटमाळ्यावर आम्ही.
रात्री एकपर्यंत खडखट, टॉवेलावर टॉवेल.
सत्तावीस वर्षं मी ओरडूनच बोलतोय.
"जेवलीस का गं?" मायेनं विचारलं तरी
शेजारचे म्हणतात, पोरीला रागावू नका.

त्या रात्री नऊलाच बटण खाली केलं.
पट्टा थोडा फिरला, थांबला.
पद्मानं विड्यांच्या सुपातून मान वर केली,
"वीज गेली?"
"नाही. झोपू दे पोरीला."
तिनं मनात हिशेब केला, मला तो चेहऱ्यावर दिसला:
सहा टॉवेल. रोजचे सहा.
मग तंबाखूचं सूप झाकून
तिनं दाराबाहेर ठेवलं.

साडेदहा. अकरा.
पोरगी डोळे उघडे ठेवून पत्र्याकडे बघतेय.
"नायना, माग लाव ना.
एवढ्या गप्प घरात झोप येत नाही मला."

हसू आलं, आणि घशात सुताचं तूस अडकलं.
पाळणा मागाच्या खांबालाच तर बांधला होता आम्ही.

"नाही लावत. पड गप्प."
पडली नाही. उठून माझ्या डाव्या बाजूला आली
(उजवा कान मागानं केव्हाच नेलाय, तिला ठाऊक)
आणि हळू बोलायला लागली.
शाळेतल्या निळ्या गोळ्या खात नाही, मळमळतं.
सात जमल्यात, कांड्यांच्या पेटीत.
डबा अर्धा म्हशीला जातो.
पोरी खांब म्हणतात काय की.
रोहिणी आता दुसऱ्या बाकावर बसते.
आणि एक गोष्ट आहे, ती अम्मालाच सांगणार.

सूत तुटलं तर गाठ कशी मारायची
ते डोळे मिटूनही येतं मला.
हे येत नाही.
मी नुसतं म्हणालो, "मग?"
ती पुढं बोलली.
मी पुन्हा, "मग?"
माझा आवाज इतका बारीक होऊ शकतो
हे मलाच नवीन होतं.

बोलता बोलता मध्येच झोपली,
एका वाक्याच्या अर्ध्यात.

सिस्टरबाईंना विचारलं. गोळी पोटभर जेवून घ्यायची म्हणाल्या.
पद्मा आता शेंगाचटणीवर तेल हात सैल सोडून घालते,
भाकरी संपेस्तोवर समोर बसते,
आणि त्या दोघींचं काहीतरी कुजबुजत चालतं,
मी आलो की थांबतं. थांबू दे.
माग दहाला बंद करतो. नऊ परवडत नाहीत.

परवा शाळेला निघताना
तिचं कपाळ दाराच्या चौकटीवर खाडकन आपटलं.
वाकायला विसरली होती.
पद्मा हसली, ती चिडली.
मी काही बोललो नाही,
फडकं ओलं करून दिलं.