एकने गुणताना

उपळेकर सर फळ्यावर एक लांब आडवी रेघ ओढायचे,
नवी पेठेत, सायकलच्या दुकानावरच्या खोलीत.
पंखा नव्हता. खाली कुणीतरी ट्यूब पाण्यात बुडवून
पंक्चर शोधत असायचं.
रेघेच्या वर काय, खाली काय, एवढंच बघा, म्हणायचे.
वर ग्रॅम, खाली ग्रॅम: मारा काट.
आकडे नंतर. आधी एककं जुळू द्यात.

हजार ग्रॅम भागिले एक किलोग्रॅम, किती?
मी म्हटलं, हजार.
"एक गं, एक!
वर जे आहे तेच खाली आहे, कपडे तेवढे वेगळे.
आणि एकने गुणलं तर कुणाचं काही जातं का?"

मग किलोचे झाले हजार,
मीटरचे शंभर, पण मीटर दोनदा, म्हणून दहा हजार,
सेकंद जिथल्या तिथे,
आणि एका ज्यूलमधून एक कोटी अर्ग
फळ्यावर सांडले, साबुदाण्याचं पोतं फाटावं तसे.

आता मी भोसरीत बॉयलर तपासते.
जुन्या पितळी पाटीवर बीटीयू कोरलेलं असतं,
मी हजार पंचावन्नने गुणते, ज्यूल लिहिते, सही करते.
शेजारी हणमंता लांब पान्याला लोंबकळतो,
न्यूटन गुणिले मीटर.
मिती ऊर्जेच्याच, तंतोतंत,
पण त्याला ज्यूल म्हणायचं नाही.
नट गंजलेला. हलला नाही.
काम शून्य, असं पुस्तक म्हणतं.
हणमंता काय म्हणतो ते इथे लिहिता येत नाही.

काल दत्तवाडीत, लाइटबिलाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर,
मी आईला मांडलं.
आई चव्वेचाळीस किलो, फुटाण्यांची पाटी सहा,
पर्वती साठ मीटर धरली, गुरुत्व दहा,
(सर असते तर नऊ पूर्णांक आठसाठी रागावले असते)
एका चढणीचे तीस हजार ज्यूल.
चार हजार एकशे चौऱ्याऐंशीने भागलं:
सात किलोकॅलरी आणि वर थोडं.
म्हणजे सात फुटाणे, आई.
शरीर चौथा हिस्साच कामाला लावतं,
म्हणून तीस धर.

आणि हे बिलावरचं एक युनिट,
छत्तीस लाख ज्यूल,
तुझ्या एकशेवीस चढण्या.
चार महिने, रोज एकदा,
उन्हाळा धरून, दिवे लागेपर्यंत वर थांबून,
आणि गीझरने ते तासाभरात
बादलीत ओतले.

आई कागद दूर धरून बघत राहिली.
काट मारलेल्या किलोंवर, मीटरांवर
तिचं बोट फिरलं.
हे का खोडलं?
ते वर-खाली सारखं होतं म्हणून.
"आणि उतरायचं? ते कुठे लिहिलंस?"

म्हटलं, उतरताना गुरुत्वच काम करतं,
जाऊन-येऊन बेरीज शून्य.

"शून्य," ती म्हणाली.
मग लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलं,
बामची डबी माझ्याकडे सरकवली
आणि डावा पाय पुढे केला.