तिसरी रांग

मेकन गावात, चर्चच्या तळघरात प्रयोग.
बस म्हणजे सहा घडीच्या खुर्च्या.
टॅव्हियन गणवेशात,
युद्ध जिंकून घरी निघालेला काळा शिपाई.
गोरा ड्रायव्हर ओरडतो, ‘मागे!’
आणि तो उतरतो, ठरल्याप्रमाणे, मान खाली घालून.

तिसऱ्या रांगेत काठी आपटते.
ओझायस विटलो, वय अठ्ठ्याण्णव:
‘उतरलो नव्हतो, पोरा.
उतरवलं मला. चौघांनी.
एक बूट आतच राहिला.’

प्रॉम्प्टर पानं चाळतो. संहितेत हे नाही.
कुणीतरी खोकतं.

टॅव्हियन पुन्हा चढतो,
खुर्चीची पाठ घट्ट धरतो.
चौघे लागतात त्याची बोटं सोडवायला,
घामाघूम.

दिवे मालवले तरी
रंगमंचावर एक बूट.
उचलायला गेलेल्या मुलीला म्हातारा म्हणतो,
‘माप चुकलंय.
पण राहू दे.’