तारण

आमच्या पतसंस्थेत तारण म्हणजे सोनं,
नाहीतर घर, नाहीतर हळदीच्या पोत्यांची पावती.
दिवसभर मी तो शब्द लिहिते
रजिस्टरच्या चौथ्या रकान्यात,
आणि रविवारी तोच शब्द
चर्चच्या बाकावर माझ्याशेजारी येऊन बसतो
आंघोळ करून आलेल्या माणसासारखा.

पप्पा मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात ड्रेसर होते.
कल्लाप्पा मगदूमला जामीन राहिले,
चहाच्या गाड्यासाठी, आठ हजारांना.
गाडा आला. मग एका उन्हाळ्यात
गाड्यासकट कल्लाप्पा जमखंडीकडे गेला म्हणे.

नऊ वर्षं हप्ता पप्पांच्या पगारातून कापला गेला.
नऊ नाताळ मी दादाच्या शर्टांचे फ्रॉक घातले.
मम्मी ओरडायची, "त्याच्या दारात जाऊन बसा की एकदा!"
"सही माझी हाय," पप्पा म्हणायचे,
जखम धुताना बोलायचे त्याच आवाजात.

मी त्यांना भोळे म्हणायचे.
खरं सांगायचं तर, मूर्ख.

ते गेल्यावर त्यांच्या शास्त्रात एक दाखला सापडला,
घडीवर विरलेला, संस्थेच्या शिक्क्याचा.
कर्ज बेबाक. येणे निरंक.
नाव मात्र पप्पांचं नाही, कल्लाप्पाचं.

गेल्या मार्चअखेरीच्या गर्दीत
एक म्हातारा खिडकीशी आला.
रुमालात नोटा. चार वेळा मोजलेल्या असाव्यात.
"बाई, मगदूमच्या खात्यावर याज किती झालं असंल?"

एक क्षण कुठलाही आकडा माझ्या जिभेवर होता.
तेवढा एक क्षण मी लपवणार नाही.

मग ड्रॉवर उघडला.
त्यानं कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला,
"कोण भरलं हे?"
मी नाव सांगितलं. माझं आडनाव नाही सांगितलं.

तो बराच वेळ उभा. मागची रांग कुरकुरली.
मग त्यानं नोटा काचेखालून सरकवल्या,
"तरी थोडं ठेवा."
मी परत ढकलल्या. त्यानं परत.
"घेता येत नाही, काका. खातंच उरलेलं नाही."
माझ्यावर विश्वास न बसलेला तो
दाखला टोपीत ठेवून पायऱ्या उतरला.

शुभ शुक्रवारी, तीन तासांच्या उपासनेत,
सहाव्या शब्दाशी पाळक थांबले.
पंखा खरखरत होता. कुणाचं तरी मूल झोपलं होतं.
बघते तर माझी मूठ मिटलेली,
काचेखालून काहीतरी सरकवायला निघालेली.