टिकलीपासून टिकलीपर्यंत

आमच्या घरात भोवळ आली की म्हणतात,
तल तिरुगुतोंदि. डोकं फिरायलंय.
अशोक चौकातल्या दवाखान्यात
मी तेच मराठीत सांगितलं.
"डोकं फिरतंय, डॉक्टर."
पेनाला टोपण लावत ते म्हणाले, "कुणावर?"

कुणावर म्हणून सांगू.
भिंतीवर. भिंतीवरल्या कॅलेंडरवर.
पहाटे कुशीवर वळले की
बंद पंखा फिरायला लागतो,
लाईट गेलेली असली तरी.
दोन्ही हातांनी खाट धरून बसते
एस्टीत बसल्यासारखी,
आणि खाट जिथली तिथं.

वरच्या फळीवरचा डबा काढायला मान वर केली
त्या दिवशी जमीनच उजवीकडून उचलली कुणीतरी,
सूप पाखडतात तशी.
मी पडले. डबा पडला. शेंगाचटणी
सगळ्या फरशीभर लाल.
मल्लेशम धावत आला, रक्त समजला,
मग ओरडला, मग हसला,
मग एकदम गप्प बसला.

मानेचा फोटो काढला.
काळ्या कागदावर माझे सात मणके.
"नावातच मणी आहे तुमच्या, बालमणीबाई."
पेनानं दाखवलं डॉक्टरांनी: इथं बाक पाहिजे,
धनुष्यासारखा. तो गेलाय.
मान ताठ झालीय तुमची. खाली गॅपही आहे.

मी परत विचारलं. ताठ?

नऊ वर्षांची होते तेव्हापासून
मांडीवर सूप आहे माझ्या.
पान भिजवायचं, फर्म्यावर कापायचं,
चिमूटभर तंबाखू, वळायचं, दोरा, तोंड बंद.
दिवसाला हजार. ताप असला तर नऊशे.
आईनं शिकवलं तेही मान खाली घालूनच.
सासूपुढं खाली, मुकादमापुढं खाली,
कुंकवापुरती आरशात वर.
आणि आतल्या आत ही सरळ होत गेली
कुणाला न सांगता,
मलासुद्धा.

"पट्टा घाला. उशी पातळ घ्या.
खाली बघून करायचं काम बंद."
बरं म्हणून मान हलवली,
तिथंच पुन्हा चक्कर आली.

संक्रांतीला श्रावणी म्हणाली, चल गं, काठ्या बघू.
गर्दीत उभी राहिले, गळ्यात पट्टा,
हात तिच्या खांद्यावर.
सगळे वर बघायलेत, सिद्धेश्वराच्या काठीच्या टोकाकडं.
मला वर बघता येत नाही,
म्हणून मी धरणाऱ्याचे पाय बघितले.
अनवाणी. टाचांना भेगा.
एवढी उंच काठी कमरेला पेलून
तो काही खांबासारखा उभा नव्हता.
पाऊल जरा इकडं, जरा तिकडं,
सारखं हलत होतं ते.
मला आजवर वाटायचं, तोल म्हणजे न हलणं.

आता रोज दहा वेळा डावीकडं, दहा वेळा उजवीकडं,
श्रावणीनं भिंतीवर चिकटवलेल्या
दोन टिकल्यांवर नजर ठेवून.
आधी घर गरगरतं,
मग कंटाळून थांबतं.
काम बंद नाही केलं. कसं करू.
दोन विटांवर पाट, पाटावर सूप.
सातशे होतात.

परवा कारखान्यात चेकरनं
चाळीस विड्या छाट म्हणून बाजूला टाकल्या.
"बरोबर ना, येमूलबाई?"
माझी मान डावीकडं गेली,
मग उजवीकडं,
हळू, टिकलीपासून टिकलीपर्यंत.
रांगेतल्या बायका बघायला लागल्या.
त्यानं कट्टा परत उघडला.

चक्कर होतीच. टेबल धरून उभी होते,
अंगठे चपलेत रुतवून,
पाऊल जरा इकडं,
जरा तिकडं.