बोट लावा

सिव्हिलमध्ये बुधवारी बोर्ड बसतो.
त्र्यंबक नाक्यावर उतरून साडेसातलाच नंबर लावला,
तरी माझ्यापुढे एक्केचाळीस जण:
कुबड्या, काळे चष्मे,
आईच्या कडेवर बारा वर्षांचा मुलगा,
आणि पिंपळगावची एक बाई,
जी कुठूनच अधू दिसत नव्हती
आणि त्याचीच तिला धास्ती होती.

डॉक्टर भला माणूस. हात हातात घेतला.
तर्जनी मुळापासून, मधलं मुळापासून,
अनामिका दुसऱ्या पेरापासून.
तक्त्यात पाहिलं, बेरीज केली.
एकोणतीस टक्के.
‘योजना चाळीसला सुरू होतात,’ क्लार्क म्हणाला,
जसा काही मी पेपर नीट सोडवला नव्हता.

उरलेले एकाहत्तर टक्के धडधाकट घेऊन
मी सातपूरला गेटवर गेलो.
ठेकेदाराने तक्ता पाहिला नाही, नुसता हात पाहिला.
त्याच्याकडे मी शंभर टक्के निघालो.
दोन टेबलांमधलं अंतर, शेअर रिक्षाने, वीस मिनिटं.

प्रेसचा गार्ड काढून ठेवला होता.
गार्ड लावला की तासाला चाळीस पीस कमी पडतात,
हे सुपरवायझर खैरनारला ठाऊक होतं, साहेबाला ठाऊक होतं,
मला तर होतंच.
रजिस्टरात लिहिलं: कामगाराचे दुर्लक्ष.
कुणावर बोट ठेवणार?
ठेवायचं तेच गेलेलं.

रात्री ती खाजतात.
नसलेल्या जागी, अगदी नखाच्या कडेला.
ज्योत्स्ना दिवा न लावता विचारते, कोणतं?
मी सांगतो, मधलं.
ती हवेत हलकेच खाजवते.
याला तक्त्यात रकाना नाही.

रेशनवर मशीन म्हणतं, बोट लावा.
मी डावं लावतो. बारा वर्षं पत्र्याच्या कडा;
ठसा कधीच पुसलाय.
ज्योत्स्ना लावते.
दिंडोरीला द्राक्षाच्या विरळणीत, घड बुडवायच्या औषधात
तिच्या बोटांची सालं निघालीत.
जुळत नाही. पुन्हा लावा. जुळत नाही.
मागची रांग च्यक च्यक करते.
‘घरात एकही धड बोट नाही का हो?’
दुकानदार तसा वाईट नाही,
त्यालाही वर हिशेब द्यायचा असतो.

मग कृतिकाने लावलं.
आठ वर्षांचं, पेन्सिलीने काळं झालेलं.
पटकन हिरवा दिवा.
तिच्या बोटावर आम्ही तिघांचे गहू-तांदूळ उचलले.
घरी येताना तिने माझी करंगळी धरली होती,
की मी तिची, आठवत नाही.

संध्याकाळी तिचा गृहपाठ होता: अवयव व त्यांची कामे.
डोळे, पाहणे. कान, ऐकणे.
बोटांपाशी अडली, माझ्याकडे पाहिलं,
मी भाकरी मोडत होतो, डाव्याने, जरा वेळ लागतो.
तिने लिहून टाकलं:
बोटे, मशीनला लावणे.

वही परत आली तेव्हा
त्यापुढे लाल शाईने बरोबरची खूण होती.