काकवी

लंगोट धुताना वास आला.
आधी वाटलं, माझ्याच नाकात बसलाय तो :
आबांच्या गुऱ्हाळावर वाढले मी, सांगरूळकडे,
काहिलीच्या वाफेत केस वाळवत.
पण वास लंगोटालाच होता.
काकवीचा. जराशा करपलेल्या.

आत्या, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या,
गोड पोरगं हाय, म्हणून.
आम्ही हसलो.
सहाव्या दिवशी त्यानं अंगावरचं दूध सोडलं
आणि पाठीची कमान करून असा ताठला
की मांडीवर घेताच येईना.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर दोन रेघा काढल्या,
एक माझ्याकडून, एक ह्यांच्याकडून.
दोन्ही वर जाऊन एकाच आजीत मिळत होत्या.
मामाची पोरगी केली की घर फुटत नाही,
असं आमच्यात म्हणतात.
नाही फुटलं.

आबांना फोनवर काय सांगायचं?
म्हटलं, काहील हाय, जाळ हाय, रस बी येतोय,
गुळव्याच न्हाई.
उतू गेलेलं पोराच्या डोक्यात जातंय.
आबा बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, जाळ कमी करा.

केला. चार वर्षं.
गुजरीतल्या पोतदारांनी सोनं तोलायचा जुना काटा दिला,
पैसे घेतले नाहीत.
त्यावर भात. त्यावर निम्मी चपाती.
डाळ नाही, दूध नाही, शेंगदाणा तर उंबऱ्याच्या आत नाही.
डब्यातली भुकटी तेवढी पोटभर,
तिच्या वासानं मांजरसुद्धा उठून जायचं.
साधा ताप आला तरी पिशवी भरलेली, दाराशी.

सासरे लाल मातीतले.
गंगावेशीच्या कट्ट्यावर रोज रात्री म्हशीची धार,
समोर पिळलेली, फेसासकट.
समरजित नाव ठेवलंय पोराचं, म्हणायचे,
आणि पुढचं वाक्य दुधाबरोबर गिळायचे.

ह्यांचं यकृत चरबीनं भरलेलं निघालं.
माझं चाललं.
मी विचारलं, माझ्यातही तीच खोट आहे ना?
निम्मी, बाई म्हणाल्या. निम्मं पुरतं.

निम्मं पुरतं.
पुण्याच्या त्या दवाखान्यात, लांब बोळात,
हे दोन शब्द मी पदराला गाठ मारून ठेवले.

दोनशे चाळीस ग्रॅम काढलं माझं.
मोठ्या पेरूएवढं.

त्याचं जुनं टाकून देतील असं वाटलेलं.
तर त्यासाठीही सही मागितली.
एवढं एक काम सोडलं तर चांगलं आहे ते, बाई म्हणाल्या.
ज्याच्या अंगात, स्नायूंत, गुळव्या आधीपासून आहे
तिथं ते मुकाट नांदेल.
एक मुलगी आहे, नऊ वर्षांची, थांबलेली.
नाव सांगत नाहीत.

माझ्या पोराला चार वर्षं छळणारं
कुणाच्या तरी लेकीला वाचवायला निघालं,
आणि मला, टाके ओढत असताना,
त्याचा थोडा राग आला.
खोटं कशाला बोलू.

आता वर्ष झालं.
सकाळी आठ, रात्री आठ, गोळी. चुकायची नाही.
सासरे कट्ट्यावरून किटली घरी आणतात,
गॅसपाशी उभे राहून तीनदा उकळी आणतात,
कच्चं चालत नाही म्हणून,
आणि कप पोराच्या हातात देताना
तोंड भिंतीकडे करतात.
मी अजून त्याच्या चड्ड्या हुंगते, धुवायच्या आधी.
साबण. घाम. मातीत खेळल्याचा वास.
ती मुलगी डाळ-भात खात असेल का, न मोजता?

रविवारी मटणाच्या दुकानात रांग.
पुढं सगळ्यांना घाई, रस्सा दुपारच्या आत हवा.
माझा नंबर आला.
वहिनी, काळीज घालू थोडं?

हात आपोआप पोटाकडे गेला,
लुगड्याखाली, तिरक्या वणाकडे.

घाला की, म्हटलं. पोरगं खातंय आता.
किती, पाव किलो?

काट्याकडे न बघता
मी पिशवी पुढे केली.