के पाण्याखाली आहे

महापालिकेच्या स्टोअरमधून आलेल्या तक्त्यावर
एक गोरा मुलगा उभा होता, हाफपँटीत.
त्याच्या अंगाला चहूबाजूंनी बाण लागलेले
आणि प्रत्येक बाणाच्या शेपटीला एक शब्द:
अँकल, नी, वेस्ट, चेस्ट, नेक.
पाचवी ब नं तो अख्खा मुलगा पाठ केला.
मी विचारलं, "चेतन, तुझा नी कुठंय?"
वाघेऱ्यांचा चेतन उठला, तक्त्यापाशी गेला
आणि त्या पोराच्या गुडघ्यावर बोट ठेवून म्हणाला,
"इथं."

मग सातपूरच्या कुठल्याशा कारखान्यानं
शाळेला प्रोजेक्टर दिला.
हार झाला, नारळ झाला,
आठवड्यात रिमोट हरवला.
पडदा नव्हताच. पंचवटीतल्या आमच्या ओल धरलेल्या भिंतीवर
सफरचंदाला पोपडे यायचे,
आणि इग्लू लावला तर पोरं म्हणाली,
"मॅडम, एवढी मोठी भाताची मूद कुणाला?"

बावीस वर्षं शिकवतेय मी.
शब्द डोळ्यांतून आत जातो,
असं प्रशिक्षणात सांगतात, चहाच्या आधी.
डोळ्यांत आधीच काय काय भरलेलं असतं
ते चहानंतरही कुणी सांगत नाही.

सप्टेंबरात गंगेला पाणी आलं, तीन दिवस शाळा बंद.
चौथ्या दिवशी अरमान कोकणी मामाचा मोबाईल घेऊन आला.
होळकर पुलावरून काढलेल्या तीन क्लिपा:
सकाळची, दुपारची, दिवेलागणीची.
मी त्या भिंतीवर लावल्या, आवाज बंद करून.
गढूळ पाणी, मधोमध दुतोंड्या मारुती.
"कुठवर आलंय?"
"अँकल!"
दुसरी क्लिप.
"नी! नाही नाही, वेस्ट!"
तक्त्याकडं कुणी मान वळवली नाही.
हे माप घेऊनच जन्मतात इथली पोरं:
मारुतीच्या कमरेला पाणी म्हणजे माल माळ्यावर,
छातीला म्हणजे माल राहू दे, माणसं मोजा.

मी फळ्यावर नी लिहिला.
गुडघ्याआधी हा के कशाला,
यावर दरवर्षी भांडण होतं. मी दरवर्षी म्हणते,
असतो तो, पाठ करा.
मागच्या बाकावरून अरमान म्हणाला,
"मॅडम, के पाण्याखाली आहे.
आहे तिथंच. आवाज येत नाही फक्त."

तिसरी क्लिप चालू होती.
"थांबवा," ऋतिका दोंदे म्हणाली.
मारुतीपासून थोडी अलीकडं एक निळी ताडपत्री,
दोरीनं आवळलेली हातगाडी,
चाकं वर.
ती उठून भिंतीकडं निघाली. प्रकाशात आली
तशी गाडी भिंतीवरून उतरून तिच्या पाठीवर बसली,
ती बाजूला झाली, गाडी परत पुरात.
तिनं बोट ठेवलं.
चेतननं ठेवलं होतं तसं नाही.
"अवर," म्हणाली.
कुणीतरी विचारलं, "घड्याळातला?"
"नाही. आमच्यातला."

हा शब्द त्या धड्यात नव्हता.
प्रोजेक्टरचा पंखा घरघरत राहिला.
काय बोलावं सुचेना, म्हणून मी तेच केलं
जे बाई लोक करतात: पुढचा प्रश्न विचारला.
"व्हॉट वॉज इन इट?"
"स्मॉल," ती म्हणाली. मग, "मेनी." मग थांबली.
"गडू मॅडम, तांब्याचे. गंगाजलाचे.
इंग्रजीत काय म्हणतात?"

मला येत नव्हतं.
तसं सांगितलंही.
तेव्हा तिनं दोन्ही हातांची बोटं जुळवली,
पोटाशी गोल, गळ्याशी निमुळती,
आणि मला दिसावं म्हणून
प्रकाशासमोर धरली.
भिंतीवर, पुराच्या पाण्यावर,
एक काळा गडू उमटला.
मी खडू ठेवला
आणि वहीत काढून घेतला.